तळाची माती

आंबेखिंडीच्या खोतांच्या घरात वडिलोपार्जित म्हणाव्यात अशा दोनच गोष्टी होत्या, कबड्डी आणि घोळणा. कबड्डी आजोबांपासून चालत आली होती. घोळणा कुणापासून आला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ऊन लागलं की नाकातून रक्त, जोरात शिंक आली की रक्त, आणि कधी काहीच निमित्त नसताना जेवता जेवता ताटात टपकन थेंब. मग डोक्यावर गार पाणी, नाकाशी फोडलेला कांदा, दूर्वांचा रस, आणि शेवटी सगळ्यांचं एकमत, की अंगात उष्णता फार झाली आहे. त्या घरातली गुलकंदाची बरणी कधी रिकामी राहिली नाही, आणि उष्णताही कधी कमी झाली नाही. केतकीचे वडील तालुक्यातले नावाजलेले चढाईपटू. ते ऐन उमेदीत डोक्यात रक्तस्राव होऊन गेले, तेव्हासुद्धा लोक उष्णतेलाच दोष देत घरी परतले.

पुढच्या पिढीत वाटणी अगदी सरळ झाली. घोळणा थोरल्या केतकीच्या वाट्याला आला आणि कबड्डी धाकट्या हर्षवर्धनच्या. हर्षाच्या नाकातून आयुष्यात कधी रक्त आलं नाही. त्यामुळे पोरगी सावलीत पुस्तक धरून बसलेली आणि पोरगा दिवसभर मातीत, असा त्या घराचा शिरस्ता पडला.

खेळता येत नव्हतं म्हणून केतकी पंच झाली. चढाई करणाऱ्याने 'कबड्डी कबड्डी' एका दमात म्हणत समोरच्याला शिवून परत यायचं. मध्ये श्वास घेतला की दम तुटला, गडी बाद. तुटला की नाही यावरून पोरं एकमेकांच्या कॉलरी धरायची. केतकीचा कान मात्र असा तिखट होता, की तिने "तुटला" म्हटलं की भांडण मिटायचं. भाऊ म्हणून तिने हर्षाला कधी सूट दिली नाही. त्यालाही ती नको असायची. तिचा शब्द पुरा व्हायच्या आत तो मैदानाबाहेर चालायला लागायचा.

उन्हाळ्यात दोघांचा एक खासगी खेळ होता. मळ्यातल्या विहिरीत हर्षा सूर मारायचा आणि त्याच क्षणी काठावर केतकी 'कबड्डी कबड्डी' सुरू करायची. तिचा दम संपायच्या आत तो वर आला तर हरला. खाली नुसतं थांबून भागायचं नाही. तळाची माती मुठीत आणून दाखवावी लागायची. पाण्यातून डोकं काढलं, की केस मागे सारून तो पहिला प्रश्न करायचा, "आक्का, तुटला का गं?" तिचा दम अजून शिल्लक असला तर ती मानेनंच नाही म्हणायची. तो हसून छातीभर श्वास घ्यायचा आणि पुन्हा खाली जायचा. मातीचे गोळे काठावर ओळीनं वाळत पडायचे. केतकीच्या वाट्याला आलेली कबड्डी ती एवढीच होती, आणि ती तिला पुष्कळ वाटायची.

पुढे ती शिकत शिकत पुण्याच्या एका संशोधन संस्थेत पोचली आणि तिथे तिला घोळण्याचं खरं नाव कळलं. नाव लांबलचक होतं, गोष्ट सोपी होती. धमनीतलं रक्त जोरात येतं. ते शिरेत जाण्याआधी केसासारख्या बारीक वाहिन्यांच्या जाळ्यातून फिरतं आणि त्याचा जोर मरतो. या आजारात काही जागी ते जाळंच तयार होत नाही. आईला समजावताना केतकीने मळ्यातलं उदाहरण दिलं होतं, की पाटाचं पाणी बारीक दांडातून न नेता एकदम वाफ्यात सोडलं तर वरंबा फुटणारच. नाकातला वरंबा फुटला तर घोळणा. मेंदूतला फुटला तर तिचे वडील.

पण एक कोडं उरत होतं. दोष जन्मापासून प्रत्येक पेशीत असतो; मग गुंता एखाद्याच जागी का होतो आणि एखाद्यालाच का मारतो? केतकीच्या गटाने रोग्याच्या रक्ताच्या थेंबातून पेशी वाढवून काचेच्या पट्टीवर जिवंत रक्तवाहिन्या उगवून घ्यायचं तंत्र बसवलं. त्या काचपट्टीत ज्याच्या त्याच्या वाहिन्या, ज्याच्या त्याच्या दोषासकट. मग त्यांनी पट्टीवरचा प्राणवायू कमी करून पाहिला आणि कोडं सुटलं. प्राणवायू कमी पडला की शरीर घाईघाईनं नव्या वाहिन्या मागवतं. निरोगी माणसात त्या नीट बांधल्या जातात. इथे बांधणाऱ्यांची फौज जन्मतःच अर्धी. एरवी तेवढ्यावर निभतं, घाईत निभत नाही आणि जाळ्याच्या जागी गुंता होतो.

हे समजायला आणि राज्यभर विरळ खोल्या उघडायला एकच गाठ पडली. विरळ खोली म्हणजे हवेतला प्राणवायू काढून हिमालयातल्या उंचीसारखी हवा ठेवणारी बंद खोली. खेळाडूने तिथे झोपायचं; रक्तात तांबड्या पेशी वाढतात, दम वाढतो. आधी ही चैन मोठ्या शहरांत होती, मग यंत्रं स्वस्त झाली आणि तालुक्यातालुक्याला क्रीडा संकुलात एक एक खोली आली. केतकीच्या गावापासून जवळच्या संकुलातही आली. हर्षाने मोठ्या कौतुकाने तिला फोटो पाठवला. पांढऱ्या खोलीत आडवा पडून तो अंगठा दाखवत होता.

तिने रजा टाकली आणि गाव गाठलं. घरातल्या तिघांचंही रक्त घेतलं. हर्षा म्हणत होता की माझं कशाला, मला कधी घोळणा फुटला का. आणि आईचंही तेच म्हणणं होतं. केतकीने दटावलं तेव्हा त्याने बाही वर केली.

आईची काचपट्टी स्वच्छ निघाली. स्वतःची पट्टी विस्कटली तेव्हा केतकीला काहीच वाटलं नाही, ते तिला लहानपणापासून ठाऊक होतं. हर्षाच्या पट्टीवर पहिला दिवस काही झालं नाही. ती निर्धास्त होऊन घरी गेली. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकात डोळा घातला, तर सरळ उगवलेल्या वाहिन्यांच्या मधोमध एक गाठ बसली होती. तिने पट्टीवरचं नाव पुन्हा वाचलं, मग आणखी एकदा वाचलं. मिरजेला त्याच्या डोक्याची तपासणी झाली. डाव्या बाजूला, कानाच्या वर, तांदळाएवढा गुंता होता. शस्त्रक्रियेत धोका जास्त, वाढला नाही तर जन्मभर काही होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

परतताना दोघं संकुलाच्या पायऱ्यांवर बसली. कबड्डी लीगच्या निवड चाचण्या जवळ आल्या होत्या. वडिलांना न मिळालेली ती जर्सी हर्षाच्या हाताशी आली होती, आणि हे केतकीइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"म्हंजे खेळायचंच न्हाई?" त्याने विचारलं. त्याची थट्टेखोर जीभ त्या दिवशी जागेवर नव्हती.

पंचाने निकाल द्यायचा तसा तिने तो विचार करून दिला. एका चढाईपुरता दम धरल्याने काचपट्टीवर काही होत नव्हतं, ते तिने तपासलं होतं. तासन् तास विरळ हवेत झोपल्याने होत होतं. खेळ चालेल. खोली चालणार नाही.

"खोलीत पाऊल टाकायचं नाही, हर्षा. कोच काहीही म्हणू दे."

"न्हाई टाकणार."

"शपथ घे."

"तुझीच घेतो की. पण आक्का, खोलीबिगर दम कसा वाढंल?"

"बाबांचा खोलीशिवायच होता ना?" ती म्हणाली.

पुढे कैक रात्री तिला हे वाक्य ऐकू येणार होतं. त्या दिवशी मात्र दोघं त्यावर हसली, आणि त्याने तिच्या पिशवीतली पाण्याची बाटली काढून निम्मी स्वतःच्या डोक्यावर ओतली.

कोच चिडले. संघातली बाकीची पोरं खोलीत झोपतात आणि हा घरी जाऊन भाकरी खातो, हे काही त्यांना पटेना. दम कमी पडला की बाहेर काढीन, असा त्यांनी दम भरला. हर्षाने मान हलवली आणि खोलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. केतकी दर रविवारी फोन करायची. खोलीत गेला नाहीस ना, हा तिचा पहिला प्रश्न. तुझी शपथ, पायरीसुद्धा चढलो न्हाई, हे त्याचं ठरलेलं उत्तर. ते अक्षरशः खरं होतं.

आणि दम वाढत होता. सरावाच्या बनियनला शिवलेली यंत्रं श्वास मोजायची आणि त्याचे आलेख हर्षा तिला पाठवायचा. खोलीत झोपणाऱ्या पोरांनाही त्याने मागे टाकलं. केतकीने ते आलेख शेजारच्या टेबलावरच्या जाहिदाला दाखवले, सबंध प्रयोगशाळेला पेढे वाटले. वाढ एवढी कशाने होते आहे, हा प्रश्न तिने उंदरांच्या बाबतीत नक्की विचारला असता. आपल्या भावाच्या बाबतीत तिला नुसता अभिमान वाटला. त्याची निवड झाली तेव्हा ती फोनवर रडली आणि तो तिला रडूबाई म्हणून चिडवत राहिला.

शिबिराला निघायच्या सकाळी तो ओल्या अंगाने स्वयंपाकघरात आला. डोकं दुखतंय म्हणाला आणि पाटावर बसला. आईने भाकरी वाढली. पहिला घास त्याच्या उजव्या हातातून गळून पडला. त्याने पाणी मागितलं, पण तोंडातून आला तो भलताच शब्द. आईला वाटलं थट्टा करतोय, कारण जन्मभर त्याने दुसरं काही केलं नव्हतं. "पुरं झाली नाटकं, जेव आता," असं म्हणून ती चुलीकडे वळली. मागे ताट वाजलं तेव्हा तिने वळून पाहिलं.

केतकी मिरजेला पोचली तोवर शस्त्रक्रिया सुरू झाली होती. तो वाचला. उजवा हात लुळा पडला, पाय ओढत चालेल असं डॉक्टर म्हणाले. वाचेचं मात्र सांगता येत नाही, गुंता नेमका तिथेच फुटला होता. तपासणीची नवी चित्रं आणि जुनी चित्रं तिने शेजारी ठेवून पाहिली. तांदळाचा दाणा या काही महिन्यांत बोराएवढा झाला होता. खोलीत न जाता तो कसा वाढला, हे तिच्या कुठल्याच हिशेबात बसेना. त्याने खोटी शपथ घेतली असेल, असं एकदा तिच्या मनात आलं, आणि त्या विचाराची लाज ती आजही विसरलेली नाही.

आईचे कपडे आणायला ती घरी गेली. दोरीवर हर्षाची पोहायची चड्डी वाळून कडक झाली होती. तिने ती काढली, घडी घातली आणि हातात धरून तशीच उभी राहिली. मग ती मळ्यात गेली.

विहिरीच्या काठावर मातीचे गोळे होते. एका ओळीत मावले नव्हते म्हणून दुसरी ओळ केली होती, मग तिसरी, मग काठाला वळसा घालून पार मोटेचं पाणी पडायचं त्या थारोळ्यापर्यंत. तळची काळी माती वाळून पांढरट पडली होती. शेवटचे काही अजून ओलसर होते. एकेक गोळा म्हणजे एकेक बुडी. केतकीने ते मोजले नाहीत. ती जिथे लहानपणी बसायची त्याच दगडावर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

दवाखान्यात आईने सगळं सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काही आहे हे तिच्या गावीही नव्हतं. "पहाटं उठून रोज जायचा की. म्हणायचा, आक्कानं खोली बंद केली, पण बाबाचा दम विहिरीनंच वाढवला हुता. तू बी तसंच म्हणालीस म्हणं. खोलीची हवा वाईट, आपल्या विहिरीचं काय वाईट, बाई? तूच तर बसायचीस काठावर." आई एवढं बोलली आणि तिचा चेहरा पाहून थांबली.

केतकीने धोका यंत्रात शोधला होता. पांढऱ्या भिंती, घरघरणारा पंप, आकडे दाखवणारी काच, हे सगळं बाहेरून आलेलं होतं, म्हणून संशयाला जागा होती. विहीर तिच्या शास्त्रात आलीच नाही, कारण विहीर घरची होती. हर्षाने तिचा शब्द जसाच्या तसा पाळला होता. तिने एकच दार बंद केलं आणि दुसरं स्वतःच्या हाताने उघडून दिलं.

पुण्यात परतल्यावर तिने शीतपेटीतून हर्षाच्या पेशी काढल्या आणि नवी काचपट्टी तयार केली. जाहिदा म्हणाली की हे तू करू नकोस, मी करते, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या पेशी घेऊ. केतकी म्हणाली, विहिरीत तोच उतरला होता. या वेळी तिने प्राणवायू संथपणे कमी केला नाही. एकदम खाली न्यायचा, धरून ठेवायचा, झटक्यात वर आणायचा, पुन्हा खाली. बुडी किती वेळाची होती याचं माप कुठल्याच बनियनमध्ये नव्हतं, ते फक्त तिच्या छातीत होतं. म्हणून तिने झडप बंद केली आणि हळू आवाजात 'कबड्डी कबड्डी' म्हणायला सुरुवात केली. दम संपला तेव्हा झडप उघडली. श्वास घेतला, पुन्हा बंद केली. जाहिदा दाराशी उभी राहून ऐकत होती आणि डोळे पुसत होती.

विरळ खोलीने जे दोन दिवसांत झालं होतं, ते विहिरीच्या तालाने एका दुपारीत झालं. दर बुडीला नव्या वाहिन्यांची हाक, आणि वर येताच पुन्हा सगळं सुरळीत, म्हणून हाक अर्धवट. अर्धवट बांधकामावर पुन्हा हाक. वाहिन्या वळल्या, फुगल्या, एकमेकींत घुसल्या. संध्याकाळच्या सुमाराला त्यातली एक फुटली आणि काचेवर तांबूस ढग पसरला. तो रक्ताचा होता आणि हर्षाचा होता. केतकीने निरीक्षण लिहून ठेवलं.

त्या निरीक्षणावरून पुढे खेळाडूंच्या नियमावलीत एक ओळ वाढली, की ज्यांच्या घरात घोळण्याचा त्रास आहे अशा मुलांनी विहिरीत, तळ्यात किंवा नदीत बुड्या मारून दम वाढवू नये. ती ओळ शाळाशाळांतून लागली. कुठल्यातरी गावात कुठलातरी मुलगा त्या ओळीने वाचला असेल. अशाने मनाला समाधान मिळतं असं म्हणतात. केतकीला मिळालं नाही.

हर्षा घरी आला. त्याला सगळं समजत होतं, बोलता काही येत नव्हतं. 'आई' येत नव्हतं, 'पाणी' येत नव्हतं. तोंड उघडायचा, ओठ हलवायचा आणि मग डाव्या मुठीने मांडीवर मारून घ्यायचा. वाचा-उपचार करणाऱ्या बाई सांगलीहून यायच्या. त्यांनी समजावलं की विचार करून बोलायचं भाषण गेलं आहे, पण हजारदा घोकलेलं कधी कधी वेगळ्या जागी शाबूत असतं. कुणाला आरती येते, कुणाला पाढे येतात. त्यांनी त्याच्यापुढे आरती म्हणून पाहिली, पाढे म्हणून पाहिले. तो शून्य नजरेने पाहत राहिला.

दिवाळीला केतकी आली होती, वाचा-उपचाराच्या बाईही त्या दिवशी आल्या होत्या. अंगणात आईने सडा घातला होता आणि शेजारची पोरं रांगोळीसाठी चुन्याची रेघ मारत होती. खुर्चीवर बसलेल्या हर्षाने ती पांढरी रेघ पाहिली. त्याने पाय पुढे ओढला, रेघेला अंगठा लावला आणि तोंडातून आवाज आला, "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..."

आईच्या हातातली पणती खाली पडली. बाईंनी टाळ्या वाजवल्या, पोरं ओरडली. आवाज चौथ्यापाचव्या वेळी घसरला, मध्येच श्वास आत गेला, आणि तो पुन्हा म्हणत राहिला. सगळे म्हणू लागले की वा, काय दम आहे, अगदी पहिल्यासारखा. बाईंनी केतकीला हळूच खूण केली, की कौतुक करा, प्रत्येक गोष्टीचं कौतुक करायचं असतं.

हर्षाने कुणाकडे पाहिलं नाही. आजारपणात सगळ्यांनीच त्याला छान म्हटलं होतं. चमचा उचलला तरी छान, थुंकी पुसली तरी छान. त्याने मान वळवून पायरीवर बसलेल्या केतकीकडे पाहिलं. केस कपाळावर आले होते ते त्याने डाव्या हाताने मागे सारले. विहिरीतून डोकं वर काढल्यावर सारायचा तसेच. प्रश्न त्याला विचारता आला नाही, पण तिला तो ऐकू आला.

खोटं बोलता यावं म्हणून तिने तेव्हा काहीही दिलं असतं. त्याच्यासमोर तिला ते जमलं नाही.

"तुटला," ती म्हणाली.

"अगं बाई, काय बोलतीस!" आई कळवळली. बाईंनी कपाळाला हात लावला.

हर्षाच्या चेहऱ्याची डावी बाजू हळूहळू हलली. अर्धंच हसू होतं ते, उजवी बाजू तशीच राहिली. पण हसू त्याचं स्वतःचं होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्याशी पूर्वीसारखं बोललं होतं. त्याने पाय रेघेच्या मागे ओढून घेतला, छातीभर श्वास घेतला आणि पुन्हा सुरुवात केली.

केतकीने डोळ्यांतलं पाणी पुसलं नाही. पुसण्यात लक्ष गेलं असतं. ती पायरीवर ताठ बसून त्याचा दम ऐकत राहिली.